सुतकातलं भात आणि दोन ओळी

परवा चांदणी चौकातून घरी येताना पेंढ्याने गच्च भरलेला एक टेम्पो माझ्या गाडीपुढे आला. इतका भरलेला, की त्याचे मागचे दिवेसुद्धा दिसत नव्हते. मी सवयीप्रमाणे दोन-चार शिव्या घातल्या, अर्थात काच वर करून, आणि पुलावर त्याच्या मागे रखडत राहिले. काड्या उडून समोरच्या काचेवर येत होत्या. शेवटी काच खाली केली आणि तो वास आत आला. ताज्या पेंढ्याचा, किंचित गोड, किंचित ओलसर. म्हणजे मुळशीत भातकापणी सुरू झाली होती. बावधनच्या सातव्या मजल्यावर राहून ऋतू कळायला हल्ली असं काहीतरी आडवंच यावं लागतं.

मी लातूरकडची. आमच्याकडे ज्वारी. ताटात शेवटी वाढतात तो भात, एवढीच माझी त्याच्याशी ओळख होती. हळवं भात आधी पिकतं, गरवं मागून येतं, पिकून जास्त दिवस उभं राहिलं तर दाणा झडतो, हे सगळं मला दोन वर्षांपूर्वीच्या कापणीच्या दिवसांत कळलं. ते दिवस मी मुळशीत काढले. का, तर आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये फरशा फोडायचं काम निघालं होतं, आणि त्या ड्रिलपायी माझ्या हातून खून व्हायची वेळ आली होती. शिवाय कंपनीने केलेला, फोनवर बोलणारा एक नवा एआय मदतनीस तिथल्या गावांत वापरून बघायला दिला होता. तू तिकडे राहा, लोक तो कसा वापरतात ते बघ, असं ऋत्विक म्हणाला. ऋत्विक म्हणजे आमचा टीम लीड, नाशिकचा, माझ्यापेक्षा लहान आणि माझ्यापेक्षा शंभरपट शांत.

माझं काम काय, हे आईला समजावून सांगायचा नाद मी सोडून दिलाय. तुम्हाला सांगून बघते. हल्ली एआयचे एजंट असतात. ते नुसत्या गप्पा मारत नाहीत, कामं करतात. नोंद घेतात, तारीख बदलतात, हवामान बघून सांगतात. प्रत्येक कामासाठी त्यांच्या हाताशी एकेक टूल असतं. पण टूलच्या आत काय चालतं ते एजंटाला दिसत नाही. त्याला दिसतं ते फक्त टूलवर कुणीतरी लिहून ठेवलेलं वर्णन. दुसऱ्याच्या घरी सकाळी चहा करायला उभं राहिल्यावर आपण डब्यांवरच्या नावांवर जसा विश्वास ठेवतो, तसा तो बिचारा त्या ओळींवर ठेवतो. डब्यावर ‘साखर’ लिहून आत मीठ भरलं असेल, तर चहा करणाऱ्याला बोल लावून काय उपयोग? ती वर्णनं तपासायची, बरी कुठली आणि वाईट कुठली ते ठरवायचं, हे माझं काम.

आणि लोक काय काय लिहितात, विचारू नका. ‘हवामान मिळवते.’ अरे, कुठलं? आजचं की उद्याचं? गावाचं की जिल्ह्याचं? ‘आवश्यक माहिती आणते.’ धन्य! काही वर्णनं लग्नातल्या आभाराच्या भाषणासारखी लांबतात आणि मुद्दा राहूनच जातो. कुठे दोन टूलांची वर्णनं इतकी सारखी, की एजंट मध्येच अडकून बसतो. मला अर्धवट सांगितलेलं अजिबात खपत नाही. घरीही नाही. आई फोनवर पाककृती सांगताना ‘अंदाजाने घाल गं’ म्हणाली की माझा पारा चढतो. तेव्हा या कामात मी सुखात होते, म्हणायला हरकत नाही.

मुळशीत मी अलकावहिनींच्या घरी खोली घेतली. पुढच्या ओट्यावरून धरणाचं पाणी दिसायचं आणि पाण्याच्या अलीकडे उतरत गेलेली खाचरं. सकाळी धुकं पाण्यावरून उठायचं आणि सावकाश डोंगराला लागायचं. उन्हं आली की खाचरांचा रंग बदलायचा. आधी राखाडी, मग हिरवट, मग एकदम पिवळाजर्द. शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या रस्त्याकडेला थांबायच्या, माणसं भातात उभी राहून फोटो काढायची, आणि वहिनी ओट्यावरून ओरडायच्या, “ए, बांधावरनं चाला, बांधावरनं! खायचं हाय ते आमाला!”

वहिनी पन्नाशीच्या आतबाहेर. आवाज खणखणीत, हसणं त्याहून मोठं. त्यांचे यजमान किसनदादा हिंजवडीत एका कंपनीची कॅब चालवायचे. सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. शेती म्हणजे वहिनीच. सगळ्या गावाने लवकर येणारी वाणं लावली तरी वहिनींच्या खाचरांत आंबेमोहोर. उशिरा येणारं, उंच वाढणारं, वारं सुटलं की आडवं पडणारं.

“कशाला एवढा त्रास?” मी विचारलं होतं.

“वासासाठी,” त्या म्हणाल्या. “आन् आजूक एक हाय. लगीन होऊन ह्या घरात आल्यापास्नं तांदूळ कदी इकत आनला न्हाई मी. वर्साचं खानं हितंच पिकतं. त्येवडाच माझा माज.”

तो माज होता खरा, आणि मला तो आवडायचा.

गावच्या शेतकरी गटाकडे भात कापायचं एक लहान मशीन होतं. ते खाचराखाचरांतून फिरायचं, आणि हा काठ आवरला की टेम्पोत घालून पाण्याच्या पलीकडच्या गावांत न्यायचे. मशीनचा नंबर लावायचं काम आमच्या मदतनिसाकडे होतं. फोन लावायचा, मराठीत बोलायचं, नंबर लागला. बायकांना तो फार आवडला. एरवी नंबरासाठी गटाच्या अध्यक्षांच्या दारात उभं राहावं लागायचं, आणि ते जेवायला बसलेले असायचे नाहीतर झोपलेले.

वहिनींचा नंबर जवळ आला आणि त्यांचे चुलत सासरे गेले. म्हातारा माणूस, पिकलं पान, रडारड फारशी झाली नाही. पण सुतक आलं. या भावकीत सुतकात भाताला विळा लावत नाहीत. नवं धान्य घरात आणत नाहीत, मशीनसुद्धा खाचरात उतरू देत नाहीत. बाकीच्या घरांचं हळवं भात आधीच कापून झालं होतं. उभं होतं ते एकट्या वहिनींचं. त्यांनी ओट्यावर बसून, फोन स्पीकरवर टाकून मदतनिसाला सांगितलं, “हे बघ, आमच्यात मयत झालीया. सुतक हाय. दहावा होईस्तोवर मशीन नगं. त्यानंतर पाठीव.”

“आपल्या दुःखात सहभागी आहोत,” मदतनीस म्हणाला. “आपली नोंद तात्पुरती थांबवली आहे. काळजी करू नका.”

“लई गोड बोलतंय गं,” वहिनी मला म्हणाल्या, आणि निर्धास्त झाल्या.

मीही झाले. बोलणं सरळ, उत्तर सरळ. कुणाला काय खटकणार?

मग ते दिवस आठवतात. संध्याकाळी आम्ही दोघी बांधावरून चालत जायचो. लोंब्या वजनाने इतक्या वाकलेल्या, की पायांना लागायच्या. वास असा, की भूक नसताना भूक लागावी. चिमण्यांएवढ्या मुनिया थव्याने उतरायच्या आणि वहिनी हाकारा घालायच्या. एकदा त्यांनी एक लोंबी तळहातावर घेऊन हलकेच चोळली. दाणे आपोआप सुटून हातात आले.

“झडाय लागलंय,” त्या म्हणाल्या.

“मग कापा ना! थोडं तरी कापा. कोण बघतंय?”

“सुतकात? खुळी का काय तू?” त्यांनी ते दाणे खाचरातच परत टाकले. “दहावा झाला की लगी मशीन येतंय. सांगितलंय मी त्येला.”

दहावा झाला. दुसऱ्या दिवशी वहिनींनी लवकर उठून भाकऱ्या केल्या, मशीनवाल्यांसाठी जास्तीच्या. खाचराच्या कोपऱ्यात हळद-कुंकू वाहिलं आणि आम्ही बांधावर वाट बघत बसलो. ऊन चढलं. रस्त्याने दुधाची गाडी गेली, एसटी गेली, दोन रिसॉर्टच्या गाड्या गेल्या. मशीन काही येईना. शेवटी वहिनींनी फोन लावला.

“आपली नोंद सध्या थांबवलेली आहे,” मदतनीस म्हणाला.

“आरं व्हय, तूच थांबीवलीस की! आता सोड!”

“नोंद पुन्हा सुरू केली आहे. आपला नंबर आता यादीत शेवटचा आहे.”

वहिनींना एकदम काही उमगलं नाही. मला उमगलं. नोंद थांबवली की ती रांगेतून बाहेर पडत होती. आपली आपण परत सुरू होत नव्हती, आणि सुरू केली की मागे जाऊन उभी राहत होती. मशीन आदल्याच दिवशी पाण्यापलीकडे गेलं होतं. आणि आमच्याच मदतनिसाचं हवामानाचं टूल दोन दिवसांत पाऊस सांगत होतं.

मी ऋत्विकला फोन लावला आणि इतकी ओरडले, की खालच्या खाचरातल्या मुनिया उडाल्या. त्याने शांतपणे ते टूल उघडून वर्णन वाचून दाखवलं. ‘शेतकऱ्याची नोंद तात्पुरती थांबवते. शेतकऱ्याला काही दिवस यंत्र नको असेल तेव्हा वापरावे.’ बस, दोन ओळी. आणि आमच्या ऑफिसात त्या नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवायचे. थोडक्यात, सोप्या भाषेत, केव्हा वापरायचं तेही सांगितलेलं. शेजारीच ‘तारीख पुढे न्या’ हे दुसरं टूल होतं, त्यात नंबर शाबूत राहत होता. पण दोन्ही वर्णनं कुणीही वाचली असती तरी ‘काही दिवस नको’ म्हटल्यावर हात थांबवण्याकडेच गेला असता.

“पण टूल तर वर्णनाप्रमाणे बरोबर निवडलंय त्याने,” ऋत्विक म्हणाला. “चाचणीतही हेच निवडायचा. सगळ्या चाचण्या पास आहेत.”

“चाचण्या पास आहेत आणि वहिनींचं भात उभं आहे, ऋत्विक!”

त्याने कीबोर्ड बडवत चाचण्या पुन्हा उघडल्या. मग म्हणाला, “आपण फक्त टूल कुठलं निवडलं ते विचारत होतो. पुढे काय होतं, ते कधी विचारलंच नाही.”

ज्याने त्या ओळी लिहिल्या त्याला आतलं सगळं ठाऊक होतं. रांगेचं काय होतं हे त्याला इतकं ठाऊक होतं, की ते लिहायला हवं असं मनातच आलं नसावं. त्याच्यावर चिडायला मी तयारच होते, पण जमेना. घरातली बाई नाही का पाहुण्याला सांगत, आंघोळीला जा, गरम पाणी आहे, आणि उजवीकडचा नळ उलटा फिरतो हे सांगायचंच राहतं. तिला तो नळ रोजचाच असतो. भाजतं पाहुण्याला.

ऋत्विकने गटाला फोन करून मशीन परत आणता येतंय का ते बघितलं. येत होतं, पण पलीकडच्या कुणाचातरी नंबर काढून. मी म्हटलं, काढा. वहिनींनी माझ्या हातातून फोन घेतला.

“नगं,” त्या म्हणाल्या. “त्यांचं बी उभंच आसंल न्हवं का.”

मला तेव्हा त्यांचाही राग आला. खोटं कशाला बोलू?

त्या दुपारपासून विळ्यांनी कापायला सुरुवात झाली. दादांनी कॅबवर सुट्टी टाकली. रिसॉर्टवर कामाला जाणाऱ्या शेजारणी काम उरकून परस्पर खाचरात यायच्या. ऋत्विक दुसऱ्या दिवशी सकाळी हजर, पांढरेशुभ्र बूट घालून. त्याला बघून बायकांची हसून हसून पुरेवाट झाली. माझ्या हातात वहिनींनी विळा दिला, थोडा वेळ बघितलं आणि काढून घेतला. “तू पेंड्या उचल,” म्हणाल्या, “बोटं ऱ्हाऊ दे, टायपिंगला लागतील.” कापताना कुणी फार बोलत नव्हतं. भात कापल्याचा एक आवाज असतो, कोरडा, सरसर सरसर, तो सगळीकडून येत होता. मी आणि ऋत्विक पेंड्या वाहत होतो. मानेत, बाहीत, कानांत कुसळं. वरच्या खाचरांतलं कापून, बांधून घराशी नेलं. खालच्या खाचरांतलं कापून वाळायला पसरलं होतं, कारण ओलसर भात तसंच रचून ठेवता येत नाही.

तिसऱ्या प्रहरी पलीकडचा डोंगर दिसेनासा झाला. आम्ही धावलो. हाताला येईल ते कवेत धरून पळत होतो, वहिनी सगळ्यांच्या पुढे. पण खालची खाचरं खालीच राहिली. पाऊस असा काही फार मोठा नव्हता. एरवी ओट्यावर बसून चहा घेत बघावा, असा संथ. तो रात्रभर पडला. चार दिवसांनी पसरलेल्या लोंब्यांना पांढरे मोड आले. वहिनी ते हातात घेऊन बघत होत्या. रडल्या नाहीत. मी रडले, आणि त्यांनीच मला म्हटलं, “गप. निम्मं तरी आलं घरात.”

पुढच्याच आठवड्यात आम्ही ते वर्णन नव्याने लिहिलं. आता त्यात लिहिलंय, की नोंद थांबवली की नंबर जातो. ती आपोआप सुरू होत नाही. सुरू केल्यावर नंबर शेवटी लागतो. घरात मयत, आजारपण असं काही असेल आणि शेतकऱ्याला नंतर यंत्र हवंच असेल, तर हे वापरू नये, तारीख पुढे न्यावी. आणि काहीही करण्याआधी शेतकऱ्याला हे सांगून विचारावं. लांबलंय जरा. नमुना म्हणून मिरवावं असं राहिलेलं नाही. चाचण्याही बदलल्या. कुठलं टूल घेतलंस हे विचारतोच, पण त्यानंतर त्या माणसाचं काय होईल, तेही एजंटाकडून वदवून घेतो. मी वर्णनं वाचते तीसुद्धा आता वेगळी. छान गुळगुळीत वर्णन आलं की आधी मनात येतं, यातून काय राहिलंय? कुणाचं भात उभं राहील? ऋत्विक म्हणतो, तू पूर्वीपेक्षा जास्त वैतागवाणी झालीस. असेन.

त्याच्या पुढच्या श्रावणात मी वहिनींना भेटायला निघाले होते. वाटेत पौडला फळं घ्यायला उतरले तर किराणा दुकानासमोर वहिनी. पायाशी तांदळाची पिशवी, बाजारातली, छापील. मला बघून त्या क्षणभर पदराशी चाळा करत राहिल्या. मीही दुसरीकडे बघितलं, केळ्यांचे भाव विचारल्यासारखं केलं. मग त्यांचाच खणखणीत आवाज आला, “बगतीस काय नुसती? गाडी आनलीयास ना? धर त्या टोकाला!” आम्ही दोघींनी पिशवी उचलून डिकीत ठेवली. घरापर्यंत त्या पावसाबद्दल बोलत होत्या, दादांच्या गुडघ्याबद्दल बोलत होत्या. जेवायला बसलो तेव्हा भात वाढला त्यांनी. वास नव्हता त्याला.

गेल्या वर्षी त्यांचं सगळं भात घरी आलं. सुतक नाही, पाऊस नाही, मशीन वेळेवर. यंदाही पेरलंय आंबेमोहोरच.

आज सकाळी ऑफिसात कापणीच्या दिवसांतली संभाषणं वाचत होते. नावं, गावं झाकलेली असतात. आपण फक्त बोलणं वाचायचं. कुठल्यातरी खोऱ्यातली कुणी बाई सांगत होती, घरात मयत झालीय, सध्या मशीन नको. आणि मदतनिसाने तिला म्हटलं होतं, “ताई, नोंद थांबवली तर तुमचा नंबर जाईल. त्यापेक्षा दहाव्यानंतरची तारीख घेऊ का? नंबर तसाच राहील.” बाई म्हणाली होती, “व्हय, तसंच करा.” एवढंच. पुढचं संभाषण दुसऱ्याच कुणाचं होतं, औषधफवारणीचं. मला पुढे वाचवेना. खुर्ची सरकवून मी बाहेर जिन्यात आले आणि वहिनींना फोन लावला.

त्या शेजारणीच्या खाचरात होत्या, हळवं कापायला, फोन स्पीकरवर बांधावर ठेवून. मागे सरसर आवाज येत होता. मी त्यांना ते सगळं वाचून दाखवलं, मदतनिसाचं बोलणं आणि त्या बाईचं उत्तर. वाचताना माझा आवाज जरा वर गेला होता, आनंदाने म्हणा. पलीकडे वहिनींनी कापणं थांबवलं असावं. सरसर बंद झाली. मला वाटलं, फोन कट झाला.

“वहिनी? ऐकताय ना?”

“ऐकतेय की,” त्या म्हणाल्या. आवाज खणखणीत नव्हता. “बरं झालं बाई तिचं.” मग म्हणाल्या, “मला बी त्यानं येवडंच इचारायचं व्हतं गं.”